२३ वर्षं आणि साडेचार तास

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचं वय ५१. साताऱ्यात आईबरोबर राहता, बँकेत नोकरी. तो २८ वर्षांचा. एका ट्रेकच्या ग्रुपमध्ये ओळख झाली, नातं जुळलं, त्याला चार वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरात तो मास्टर्स करायला जर्मनीला, स्टुटगार्टला गेला. त्याच्या खर्चात तुमचेही पाच लाख आहेत. दिवाळीनंतर त्याचे फोन कमी झाले. फोटोंत त्याच्याच वयाची मुलं दिसतात. फोनवर तुम्हाला 'तू' म्हणायचा, आता बऱ्याचदा 'तुम्ही' म्हणतो. मग तुम्ही सहा दिवस स्वतःहून फोन केला नाही. चौथ्या दिवशी त्याचा आला, तो तुम्ही उचलला नाहीत. आणि शेवटी विचारलंय, "त्याला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने मी बाजूला कसा होऊ?"

मी पुण्यात समुपदेशक म्हणून अठरा वर्षं काम करतोय. स्वतः गे आहे, पंचावन्नचा आहे आणि माझा जोडीदार माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. म्हणजे या विषयात मी तटस्थ नाही. माझं म्हणणं तेवढं वजा करून वाचा.

तुम्ही 'कसा' एवढंच विचारलंय. 'का' ते तुमचं तुम्हीच ठरवून टाकलंय. इतक्या लांबलचक मजकुरात त्याच्या तोंडचं एकही वाक्य मला सापडलं नाही. तो कमी बोलतो, तो बदललाय, त्याला तिथे कोणीतरी त्याच्या जोडीचं मिळेल, हे सगळं तुम्ही लिहिलंय. तो काय म्हणाला? 'मला हे नातं नको' म्हणाला? 'मला वेळ हवा' म्हणाला? निरोपाचा मसुदा तुम्ही माझ्याकडे मागताय आणि निरोप कोणी मागितलेलाच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना, तसं झालंय.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी मान्य करतो. त्याने खरंच थांबायचं म्हटलं असेल आणि ते तुम्ही लिहायचं टाळलं असेल, तर खालचं निम्मं उत्तर गैरलागू आहे. तुमचं लग्न झालेलं असतं, घरात बायकोला काही माहीत नसतं, तर मी आधी त्याबद्दल बोललो असतो. तो कुठे जातो, कोणाला भेटतो यावर तुम्ही पाळत ठेवत असाल, तर प्रश्न वयाचाही नाही आणि अंतराचाही. तुमच्या लिहिण्यावरून तसं दिसत नाही, म्हणून पुढे जातो.

फोनांचंच घ्या. तुम्ही लिहिलंय, रात्री साडेदहाला, आई झोपली की गॅलरीत उभं राहून बोलायचो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या साडेदहाला स्टुटगार्टला संध्याकाळचे सात वाजायचे. म्हणजे तो खोलीवर, जेवणाच्या तयारीत. २६ ऑक्टोबरच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे गेली. युरोपात दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचारचा झाला. तेव्हापासून तुमच्या साडेदहाला त्याच्याकडे सहाच वाजतात आणि सहाला तो लायब्ररीत असेल, ट्रेनमध्ये असेल किंवा पार्ट टाइम कामावर असेल. तो मोकळा होतो तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा वाजलेले असतात आणि तुम्हाला सकाळी बँक आहे. २०२५ची भाऊबीज होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच हे घडलं. तुम्ही लिहिलंय 'दिवाळीनंतर'. हा योगायोग मी तरी सोडून देणार नाही.

शिवाय तिथलं पहिलं सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, शिकवणी फेब्रुवारीपर्यंत चालते आणि त्याला लागूनच परीक्षा येतात. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडून गेलेल्या मुलांना पहिल्या हिवाळ्यात गप्प होताना मी पुष्कळ पाहिलंय. त्यात मुलीशी रीतसर लग्न करून गेलेलेही आले. या सगळ्यामुळे तो तुमच्यावर तितकंच प्रेम करतो असं सिद्ध होत नाही. पण करत नाही हेही होत नाही. पुरावा म्हणून फोनांची संख्या कुचकामी आहे, एवढंच.

'तुम्ही'ची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटली. खोलीवर त्याच्याबरोबर कोण राहतं? तुम्हीच लिहिलंय, नाशिकचा एक आणि नागपूरचा एक. बाजूच्या पलंगावर मराठी समजणारा मुलगा बसलेला असताना अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने पन्नाशीच्या माणसाला 'तू जेवलास का?' विचारलं, की दोन मिनिटांत प्रश्न सुरू होतात. कोण रे हा? काका आहेत? मग 'तू' काय म्हणतोस? इंग्रजीत बोलणाऱ्या जोडप्यांना ही अडचणच येत नाही. आपल्या भाषेत मात्र एका सर्वनामात सगळं उघडं पडतं. तुम्ही स्वतः साताऱ्यात चार वर्षं त्याची ओळख 'मित्राचा मुलगा' अशी करून दिलीत. त्याने ते सहन केलं. आता तीच पाळी तुमच्यावर आलीय आणि 'तुम्ही' कानाला बोचतंय. त्याला विचारा, तू बोलतोस तेव्हा खोलीत कोण असतं? मला वाटतं, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

हे झालं अंतराचं. अंतरावर तोडगे असतात. तुमच्या मनातला संशय मात्र तो पुण्यात असतानाही होता, तुमच्याच शब्दांत, "पहिल्या दिवसापासून वाटायचं की हे उसनं आहे." त्यावर थोडं थांबू या.

तुमचा जन्म १९७४चा धरतो, त्याचा १९९७चा. लोक म्हणतात २३ वर्षांचं अंतर. मला त्यात दोन वेगळे देश दिसतात. तुम्ही विशीत आलात तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं, साताऱ्यात या गोष्टीला धड शब्द नव्हता, जो होता तो शिवी म्हणून होता. मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे आपल्यासारख्यांसाठीचं मासिक १९९०मध्ये निघालं, पण ते तुमच्यापर्यंत पोचायला टपालाने पाकीट यावं लागलं असतं आणि ते घरी कोणी फोडलं असतं तर? २००९च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने तुम्हाला गुन्हेगार नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही पस्तीस. २०१३च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते परत फिरवलं. ६ सप्टेंबर २०१८ला आपल्या बाजूने कायमचा निकाल लागला तेव्हा तुम्ही चव्वेचाळिशीत. तो त्या दिवशी एकविशीचा होता आणि बहुतेक कॉलेजच्या कट्ट्यावर मोबाइलवर बातमी बघत होता.

म्हणजे तुमचं सगळं तरुणपण हे शिकण्यात गेलं, की मिळालं तर चोरून मिळतं, थोडंच मिळतं आणि ते जाणारच असतं. असं शिकलेल्या माणसाला चार वर्षं टिकलेलं नातं आपलं वाटत नाही. कधीतरी परत करावं लागेल असंच वाटतं. माझ्यासमोर बसणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषांपैकी बहुतेकांचं हे दुखणं आहे, जोडीदार समवयस्क असला तरी. मलाही होतं. वय हे या दुखण्याचं कारण कमी आणि निमित्त जास्त.

आता 'बाजूला होणं' याबद्दल. आपल्याकडे त्यागाला फार मान आहे. आपण सोडून दिलं की आपण मोठे झालो, असं वाटतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता (तपशील बदललेत). मेलबर्नला शिकायला गेला, जोडीदार वयाने वीसेक वर्षांनी मोठा, कोल्हापुरात. तीन महिन्यांत त्या गृहस्थांनी फोन करून सांगितलं, 'तू मोकळा आहेस, तुझं आयुष्य जग.' स्वरात कुठे राग नाही, काही नाही. त्या मुलाने पुढचं वर्ष कसं काढलं ते त्याचं त्याला माहीत. माझ्याकडे आला तेव्हा एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता: "त्यांनी मला विचारलंच नाही." त्या गृहस्थांना वाटलं आपण दान केलं. याला कळलं ते एवढंच, की आपल्या आयुष्याचा निर्णय आपल्याला लहान समजून कोणीतरी परस्पर घेतला. सत्ताविशीच्या पुरुषाला.

वयाच्या अंतरात खरी जोखीम ही असते. मोठा माणूस सवयीने ठरवतो. पैशाचं ठरवतो, प्रवासाचं ठरवतो आणि मग एक दिवस निरोपाचंही ठरवतो. तुम्ही ते प्रेमापोटी कराल याबद्दल मला शंका नाही. परिणाम तोच होतो.

आणि ते सहा दिवस. रागावू नका, पण ती परीक्षा होती आणि परीक्षा आहे हे विद्यार्थ्याला सांगितलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी तो पास झाला, तर तुम्ही निकालच लावला नाहीत. मला खात्री आहे, फोन वाजत होता तेव्हा तो तुमच्या हातातच होता. तो उचलला असता तर 'हे उसनं आहे' ही समजूत सोडावी लागली असती. तीस वर्षांची समजूत सोडायची भीती वाटते. मी हे दुरून बोलत नाही.

तरी वयाचा हिशेब खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही सत्तरीत याल तेव्हा तो सत्तेचाळीसचा असेल. तुमचे गुडघे, तुमचं बीपी, तुमचं एकटेपण त्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत त्याच्या वाट्याला येईल. 'प्रेमाला वय नसतं' वगैरे ऐकून हे जात नाही. ते जातं कागदावर. आरोग्य विमा चांगला आहे का? आईनंतर घर कोणाचं? आजारी पडल्यावर पहिला फोन कोणाला जाईल, तो सोडून दुसरं कोणी आहे का? माझ्या ओळखीच्या एका जोडप्यातल्या मोठ्याने साठी यायच्या आत स्वतःच्या म्हातारपणाची पूर्ण सोय लावली आणि धाकट्याला एवढंच म्हणाला, "तू माझ्याजवळ राहा, पण माझा नर्स म्हणून नको." पुढे दोघं निवांत भांडतात, सिनेमाला जातात.

कागदांचा विषय निघालाच आहे तर पटकन सांगून टाकतो, कारण लग्नाचा दरवाजा आपल्याकडे बंद आहे. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने तो उघडायला नकार दिला. मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्यावी. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याच्या लेखी तो तुमचा कोणीच नाही. समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त खातं उघडायला किंवा त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलंय. तुम्ही बँकेतच आहात, मी काय सांगावं. आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र २०२३पासून नोटरीसमोर करता येतं आणि त्यात तुमच्या वतीने बोलणारा माणूस नमूद करता येतो.

आता पाच लाख. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, म्हणून मी तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

त्याच्या व्हिसाच्या वेळी जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरावे लागले असतील. म्हणजे साधारण बारा लाख. त्यातले पाच तुमचे. त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. म्हणजे दर महिन्याला, पैसे हातात पडले की, त्याला तुमची आठवण होते. ती प्रेमाची असते की ओझ्याची, हे तुम्हाला माहीत आहे का? हे पैसे भेट होते की उसने, यावर तुम्ही दोघं एकदा तरी बोललात का? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आपल्या माणसांचा हात कोणी धरणार नाही. प्रेमात पैशाचं काय बोलायचं, असं म्हणत चार-चार वर्षं काढतात.

माझ्याकडची दुसरी एक जोडी सांगतो, कारण पहिलीवरून तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. तिथे धाकट्याला खरंच थांबायचं होतं. मन बदललं होतं, दुसरं कोणी नव्हतं, पण बदललं होतं. तो आठ महिने बोलला नाही, कारण फी मोठ्याने भरली होती. 'सोडलं तर मी कृतघ्न' या एका विचाराने रोज ठरल्या वेळी फोन करत होता. फोन अगदी नियमित, नातं संपलेलं. शेवटी दोघांनी बसून रकमेचे हप्ते ठरवले, कागदावर लिहिलं आणि त्याच बैठकीत तो पहिल्यांदा खरं बोलला. मोठा रडला, आणि मग मला म्हणाला, आठ महिन्यांनी आज झोप लागेल. आजही एकमेकांच्या वाढदिवसाला फोन करतात. म्हणून, पैशाचं बोलणं आधी करा. भेट असेल तर स्पष्ट म्हणा, 'हे तुझे, आपलं काहीही झालं तरी परत मागणार नाही.' उसने असतील तर तसं लिहा आणि परतफेड नोकरी लागल्यावर, असं ठरवा. एक व्यवहारी टीप: वर्षाला एकूण ५० हजारांच्या वरची भेट, देणारा कायद्याच्या व्याख्येतला 'नातेवाईक' नसेल, तर घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न धरली जाते. नवराबायकोला सूट आहे, आपल्याला नाही. याच मुद्द्यावर एका जोडप्याने २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत चार्टर्ड अकाउंटंटला विचारा आणि पैसे कोणत्या नावाने दिले ते नीट नोंदवा.

फोटोंतल्या मुलांबद्दल. ती त्याची मित्रमंडळी असतील, त्यात कोणी आवडणाराही असेल. मला इथून कळणार नाही. पण इतक्या दूर राहायचं तर शरीराबद्दल बोलावंच लागतं. एकमेकांशिवाय कोणी नको असं ठरलंय, की तसं फक्त गृहीत धरलंय? काही जोडपी या काळापुरती सूट देतात, त्याचे नियम ठरवतात, तपासण्या करतात, प्रेप (एचआयव्हीची लागण टाळणारं औषध) घेतात. काहींना ते मुळीच झेपत नाही. यात बरोबर-चूक मी सांगणार नाही. न ठरवता मनातल्या मनात एकाने साधू व्हायचं आणि दुसऱ्याकडून तीच अपेक्षा करायची, याने मात्र घात होतो.

मग करायचं काय? इतकं सगळं लिहून मी तुम्हाला एकच फोन करायला सांगणार आहे. रात्रीचा, गॅलरीतला, दबक्या आवाजातला नको. रविवारी आपल्याकडे संध्याकाळी सहा, त्याच्याकडे दुपारचा दीड. तो खोलीबाहेर, तुम्ही घराबाहेर; अजिंक्यताऱ्यावर जा हवं तर. आधी मेसेज करून ठेवा की तासभर हवाय आणि भांडण नाहीये, नाहीतर परीक्षेच्या दिवसांत बिचारा आठवडाभर धसका घेऊन बसेल.

बोलताना 'तू मोकळा आहेस' हे शब्द वापरू नका. मोठ्या माणसाच्या तोंडून ते 'तू नकोस' असेच ऐकू येतात. 'तुला कोणी मिळालं तर मला वाईट वाटणार नाही' हेही नको. ते खरंही नाही. जे खरं आहे ते तुमच्या प्रश्नातच आहे, तेच त्याला सांगा: मला भीती वाटते. मी तुला अडवतोय असं वाटतं. तू 'तुम्ही' म्हणालास की पोटात कालवतं. मग थांबा. तो गप्प बसला तर ती शांतता भरून काढू नका. तुम्हाला सवय आहे भरून काढायची. आणि मग विचारा, पुढच्या दीड वर्षात तुला मी कसा हवाय? उत्तर 'मित्र म्हणून' असं आलं तर ते त्याचं उत्तर असेल, तुम्ही लिहून दिलेलं नसेल. त्याचं दुःख होईल, पण ते सरळ दुःख असेल. त्या वेळी मला परत लिहा, त्याबद्दल वेगळं बोलू.

उत्तर दुसरं आलं, तर भेटीची तारीख ठरवा. तारीख नसलेलं अंतर माणसाला पोखरतं. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना तो एकच चालतो) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. तुमची रजा तेवढी नसेलच, तीन आठवडे पुरेत. त्याची पदवी झाल्यावर तिथे नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, तेव्हा 'दोन वर्षांनी परत येईल' हे तुम्ही मनात धरलेलं गणितही त्याला एकदा विचारून घ्या.

झोप आणि भूक गेलीय असं तुम्ही लिहिलंय. दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. तुमचं गे असणं कोणी 'बरं करतो' म्हणालं तर तिथून उठून या; असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं गेलंय. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. एखादीचा नवरा परदेशी गेला की शेजारीपाजारी विचारपूस करतात. तुम्हाला चार महिन्यांत कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. आई मात्र विचारते, 'त्या पोराचा फोन आला का रे?' असं तुम्ही लिहिलंय. तिला किती कळलंय ते मी ठरवणार नाही, पण पुढच्या वेळी 'आला होता' एवढ्यावर थांबू नका. दोन वाक्यं जास्त बोला. बर्फ पडलं म्हणाला, डाळ करपली म्हणाला, काहीही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं परत पुढे जातील, तेव्हा साडेदहाचा फोन पुन्हा जमेल. तोवर रविवारचे सहा. आणि बोलायला सुरुवात कुठून करायची हे सुचलं नाही, तर त्या चौथ्या दिवशीच्या फोनपासून करा. तो वाजत होता तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात आणि का उचलला नाहीत, ते त्याला सांगा.